'स्थानिक आणि हंगामी' ही पाटी लावण्याआधी बारा महिन्यांचा कागद भरा: इंग्लंडच्या माळरानावरच्या पबकडून पाच धडे



मागच्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. त्या आणि त्यांचे मिस्टर सातारा जिल्ह्यात, पठाराजवळच्या वडिलोपार्जित जागेत हॉटेल काढायचं म्हणतायत. नाव ठरलंय, रंग ठरलाय, पाटीवरचं वाक्यही ठरलंय: "स्थानिक आणि हंगामी जेवण". कर्जासाठी राहतं घर तारण ठेवायचं आहे. सह्या पुढच्या महिन्यात. आणि प्रश्न काय, तर "सर, मेनू कार्डात किती पदार्थ ठेवू?"

मी उलट विचारलं, "ताई, फुलांचा सीझन संपल्यावर, नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तुमच्याकडे जेवायला कोण येणार? आणि त्या दिवशी ताटात काय असणार?"

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं: "सर, हा विचारच केला नव्हता."

या आठवड्याचा व्हिडिओ त्याच प्रश्नावर आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. उदाहरण इंग्लंडचं घेतलंय, कारण तिथे ओसाड माळरानाच्या कडेला असलेले काही पब शंभर-दीडशे वर्षं, काही त्याहूनही जास्त काळ, याच प्रश्नाशी झुंजत आलेत. जमीन देते थोडं, पाऊस-वारा भरपूर, आणि गिऱ्हाईक वर्षातले काहीच महिने. तरी ते टिकले. कसे, ते बघू.

आधी जागा समजून घ्या

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर आहे, नैऋत्येला डार्टमूर आणि एक्समूर. तिथल्या उंच, उघड्या, ओलसर माळरानाला 'मूर' म्हणतात. माती आम्लधर्मी. बऱ्याच ठिकाणी पीटचा थर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा पाणी धरून ठेवणारा काळा थर. गहू, भाजी, फळबाग असलं काही तिथे नीट येत नाही. येतं ते हेदर नावाचं खुरटं झुडूप. ऑगस्टमध्ये ते फुललं की मैलोनमैल जांभळं दिसतं. आपलं कासचं पठार पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

अशा जमिनीवर चरणाऱ्या मेंढ्या, रानपक्षी, रानफळं आणि हेदरचा मध, एवढंच काय ते मिळतं. बाकी सगळं खालच्या दरीतून नाहीतर जवळच्या किनाऱ्यावरून येतं.

आणि पब म्हणजे आपल्या मनातला 'बार' नव्हे. खेड्यातला पब ही गावाची चावडी, खानावळ आणि बऱ्याचदा वर दोन-चार खोल्यांची मुक्कामाची सोय, असं सगळं एकत्र असतं. म्हातारे आजोबा कुत्र्याला घेऊन येतात, रविवारी अख्खं कुटुंब जेवायला येतं. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

धडा 1: मेनूच्या आधी कॅलेंडर

मूरच्या कडेचा चांगला पब वर्ष कसं मांडतो, बघा.

- जानेवारी ते मार्च: दिवस लहान, थंडी कडक. स्वीड आणि पार्सनिपसारखे कंद, लीक, केल. याच काळात यॉर्कशायरचा गुलाबी रूबार्ब येतो. वेकफिल्डच्या आसपास तो अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. त्याला 2010 मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्याकडच्या जीआय टॅगसारखं.
- एप्रिल ते जून: ओढ्याकाठच्या झाडीत रानलसणाची पानं. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत खालच्या सपाट भागातून शतावरीचे कोंब. व्हिटबी बंदरात उतरलेले खेकडे आणि लॉबस्टर.
- जुलै, ऑगस्ट: बिलबेरी हे छोटं निळं-काळं रानफळ, हाताने एकेक वेचायचं. 12 ऑगस्टला ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हेदर फुललेलं असतं, म्हणून मधपाळ आपल्या पेट्या उचलून माळावर आणतात.
- सप्टेंबर ते डिसेंबर: रानमशरूम, ब्लॅकबेरी, सफरचंद. 1 ऑक्टोबरपासून फेझंट पक्षी. डोंगरातल्या कोकरांचं मांस. 10 डिसेंबरला ग्राउस बंद, मग ख्रिसमसच्या पार्ट्या.

आता यातली एक गंमत सांगतो, कारण इथेच नवखे लोक फसतात. ईस्टरला, म्हणजे साधारण एप्रिलमध्ये, इंग्लंडात कोकराचं जेवण मागायची पद्धत आहे. पण उंच माळावरच्या मेंढ्या वितातच एप्रिलच्या सुमारास! त्यांची कोकरं ताटात यायला उन्हाळ्याचा शेवट किंवा शरद ऋतू उजाडतो. म्हणजे ईस्टरला "आमच्या माळावरचं ताजं कोकरू" असं कुणी फळ्यावर लिहिलं, तर ते बहुधा दुसरीकडचं असतं. प्रामाणिक पब त्यावेळी 'हॉगेट' विकतो, म्हणजे वर्ष उलटलेल्या मेंढीचं मांस. चव जास्त भरदार असते. आणि हे का, ते तो गिऱ्हाइकाला समजावून सांगतो.

लक्षात घ्या: हंगाम कागदावर एक असतो आणि तुमच्या उंचीवर, तुमच्या मातीत दुसरा. तो शेतकऱ्याला विचारून लिहायचा. मोबाइलवर शोधून लिहू नका.

धडा 2: मेनू छोटा, फळा मोठा

अशा अनेक पबमध्ये छापील कार्ड छोटं असतं. त्यात पाच-सहा पदार्थ कायमचे. बाकीचं खडूने फळ्यावर. सकाळी काय आलं त्यावर दुपारी काय लिहायचं ते ठरतं. संपलं की पुसायचं.

आपल्याकडे उलटं. दीडशे पदार्थांचं लॅमिनेट केलेलं कार्ड, आणि ऑर्डर घेताना पोरगा म्हणतो, "ते आज नाहीये." दीडशे पदार्थ म्हणजे दीडशे पदार्थांचा कच्चा माल फ्रीजमध्ये. न विकलेला माल म्हणजे तुमचं कर्जाचं व्याज शेल्फवर सडतंय.

फळ्याचा आणखी एक फायदा. ग्राउसचंच उदाहरण घ्या. हा पक्षी कोंबडीसारखा शेडमध्ये पाळून विकत नाहीत, तो रानातलाच लागतो. वसंतात थंडी-पाऊस जास्त झाला की पिल्लं मरतात, आणि त्या वर्षी काही माळांवर शिकारच रद्द होते. ज्या पबने कार्डावर ग्राउस छापलाय, तो अडकला. ज्याने फळ्यावर ठेवलाय, तो फेझंट लिहितो आणि पुढे जातो.

धडा 3: रिकामे आठवडे आधी ओळखा, मग बेगमी करा

इंग्लंडच्या शेतकऱ्यांकडे एक शब्द आहे, 'हंग्री गॅप'. भुकेची फट. एप्रिल-मेमध्ये हिवाळ्यातले साठवलेले कंद संपत आलेले असतात आणि नवीन पीक अजून हाताशी नसतं. बाहेर सगळीकडे हिरवंगार, आणि स्वयंपाकघर रिकामं. उंचावर ही फट आणखी लांबते. त्यात ईस्टरची सुट्टी, मे महिन्यातले सुट्टीचे सोमवार. म्हणजे गिऱ्हाईक दारात आणि शेतात काही नाही!

नॉर्थ यॉर्क मूर्स राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला ओल्डस्टेड नावाचं छोटं खेडं आहे. तिथला 'द ब्लॅक स्वान' हा पब बँक्स नावाच्या शेतकरी कुटुंबाने 2006 मध्ये घेतला. घरातला मुलगा टॉमी बँक्स 2013 मध्ये मुख्य शेफ झाला, वय अवघं 24. पुढे 2017 मध्ये ट्रिपॲडव्हायझरच्या प्रवाशांच्या पसंतीच्या यादीत हे ठिकाण जगात पहिलं आलं. बक्षिसं सोडा. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे.

टॉमी बँक्सने 2018 मध्ये 'रूट्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात त्याने वर्षाचे चार ऋतू धरलेच नाहीत, तीन धरले: भुकेच्या फटीचा काळ, भरपूर पिकण्याचा काळ आणि साठवणीचा काळ. म्हणजे स्वयंपाकघराचं वर्ष त्याने मालाच्या आवकेवर बेतलं.

आपल्या आजीला हे सांगायची गरज पडली नसती. तिच्याकडे या तिसऱ्या काळाला शब्द होता, बेगमी. मे महिन्यात पापड, सांडगे, लोणची, मुरांबे का होत होते? पुढे चार महिने पाऊस आहे म्हणून. तिकडे हेच व्हिनेगरमध्ये मुरवणं, खारवणं, धुरी देणं, सिरप करणं या रूपात चालतं. ऑगस्टमधली बिलबेरी फेब्रुवारीत पुडिंगवर येते. रानलसणाच्या कळ्या खारवून ठेवल्या की वर्षभर पुरतात.

आणि स्वस्त मालाला मान द्यायला शिका. ब्लॅक स्वानचा एक गाजलेला पदार्थ कोणता, माहितीये? बीट. क्रापोदीन नावाचं जुन्या वाणाचं बीट, गोमांसाच्या चरबीत कित्येक तास मंद शिजवलेलं. कंद तोच, जो कुणी ताटाच्या कडेला टाकतो. त्यांनी तो ताटाच्या मध्यभागी आणला.

धडा 4: अख्खं जनावर विकत घेतलं, तर अख्खंच विकता आलं पाहिजे

आता हिशोब. खालचे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका.

समजा पबने शेजारच्या शेतकऱ्याकडून 18 किलोची कोकराची अख्खी धड घेतली, 9 पौंड किलोने. झाले 162 पौंड. हाडं-चरबी वजा जाता 12.5 किलो मांस निघालं. 200 ग्रॅमची एक प्लेट धरली तर साधारण 62 प्लेट. म्हणजे एका प्लेटचा मांसाचा खर्च सुमारे 2.60 पौंड.

पण आचाऱ्याला फक्त चॉप्सच विकता येत असतील तर? चॉप्स निघाले समजा 3 किलो. 15 प्लेट. बाकीचं मांस फ्रीजमध्ये पडून शेवटी फेकलं, तर सगळे 162 पौंड त्या 15 प्लेटवर पडले. एका प्लेटचा खर्च 10.80 पौंड!

माल तोच, शेतकरी तोच, "स्थानिक" पाटीही तीच. एक धंदा चालला, दुसरा बुडाला. फरक आचाऱ्याच्या हातात आहे. म्हणून तिथे मांडीचा 'संडे रोस्ट' होतो, खांद्याचं मांस तासन् तास मंद शिजतं, मान आणि उरलेल्या तुकड्यांचा खिमा करून वर बटाट्याचा लगदा लावून 'शेफर्ड्स पाय' भाजतात, हाडांचा स्टॉक निघतो, आणि त्या स्टॉकचं मंगळवारी सूप.

मित्रांनो, हे वाक्य वहीत लिहा: स्थानिक माल बहुतेक वेळा अख्खा येतो, तुकड्यात येत नाही. भाजीवाल्या शेतकऱ्याकडेही हेच. तो म्हणणार, "साहेब, घ्यायचा तर सगळा वाफा घ्या." तुमच्याकडे त्या वाफ्याचे चार पदार्थ तयार आहेत का?

धडा 5: सीझनच्या बाहेरचा मंगळवार कोण भरणार?

डार्टमूरवर 'वॉरन हाऊस इन' नावाचा पब आहे. समुद्रसपाटीपासून 434 मीटरवर, आजूबाजूला वस्ती जवळपास नाही, वीज जनरेटरची. तिथल्या शेकोटीतली आग 1845 पासून विझली नाही असं सांगतात. एके काळी जवळच्या कथिलाच्या खाणीतले कामगार हे त्याचं गिऱ्हाईक. तिथे सशांची पैदास करायचे, 'वॉरन' हे नाव त्यावरूनच. खाणी बंद पडल्या. गिऱ्हाईकच गेलं! आज तिथे माळावर चालायला येणारे लोक बसतात आणि सशाच्या मांसाचा 'वॉरनर्स पाय' खातात. जागा तीच, गोष्ट तीच, खाणारा बदलला. मालकांनी शेकोटी विझू दिली नाही आणि दार बंद केलं नाही.

दुसरं उदाहरण 'टॅन हिल इन'चं. यॉर्कशायर डेल्समध्ये 528 मीटरवर, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन वादळात बर्फाने रस्ते बंद झाले आणि 61 माणसं तीन रात्री आत अडकली. 'ओएसिस' बँडची गाणी वाजवणारे कलाकारसुद्धा त्यात होते. सगळ्यांना जेवण मिळालं, झोपायला गाद्या मिळाल्या, कॅराओके झाला, क्विझ झाली. जगभर बातमी गेली.

लोक म्हणतात, "काय फुकट पब्लिसिटी मिळाली!" मी म्हणतो, कोठार बघा. 61 माणसांना तीन दिवस पुरेल एवढं अन्न आणि सरपण अचानक येत नाही. आडजागी धंदा करणाऱ्याने ते आधीच भरलेलं असतं.

आणि मंगळवारचं काय? बारमाही तगायचं तर पर्यटकापेक्षा गावातला माणूस महत्त्वाचा. त्याच्यासाठी आठवड्यातली क्विझ नाइट, रविवारचं जेवण, थंडीतलं परवडणारं सूप-ब्रेड. पर्यटक नफा देतो. गावकरी वीजबिल भरतो. किंमत फक्त पर्यटकाच्या खिशावर ठरवली, तर गावकरी हळूच यायचा बंद होतो, आणि ते तुम्हाला थेट नोव्हेंबरात कळतं.

पाटीवरचा शब्द पाळायचा असतो

'स्थानिक' म्हणजे किती किलोमीटर? याचं उत्तर तुमच्याकडे हवं. चांगले पब मेनूवर शेताचं नाव लिहितात, किंवा कोणत्या बंदरातला खेकडा ते लिहितात. लिंबू, चहा, साखर, कॉफी स्थानिक नाही, आणि तसा दावाही करत नाहीत. खोटं लिहून गिऱ्हाइकाची दिशाभूल करणं तिथे गुन्हा आहे. आपल्याकडेही अन्नाबाबत खोटा दावा करून चालत नाही.

ताटामागचा वादही माहीत हवा. ग्राउससाठी माळावरचं हेदर टप्प्याटप्प्याने जाळतात, म्हणजे पक्ष्यांना कोवळे कोंब मिळतात. पर्यावरणवाले म्हणतात, याने पीटचं नुकसान होतं आणि शिकारी पक्षी मारले जातात. माळाचे मालक म्हणतात, यावरच इथला रोजगार आहे. गिऱ्हाईक विचारणार. वाढणाऱ्या मुलाला त्यातलं काहीच माहीत नसेल, तर तुमच्या पाटीवरचा विश्वास तिथेच उडतो. तिथे ग्राउसबरोबर आणखी एक सूचना लिहिलेली दिसते: मांसात शिकारीचा छर्रा राहिलेला असू शकतो. दात तुटण्याआधी सांगितलेलं बरं!

आता तुमचा गृहपाठ

एक मोठा कागद घ्या. बारा महिने, चार रकाने.

1. माझ्या 25-30 किलोमीटरच्या आत या महिन्यात काय पिकतं, आणि ते कोण देणार? माणसाचं नाव लिहा. "मार्केट" असं लिहू नका.
2. त्यातलं मी काय साठवून ठेवणार, आणि ते कोणत्या महिन्यात वापरणार?
3. या महिन्यात गिऱ्हाईक कोण? पर्यटक, गावकरी, शाळा-ऑफिसचे डबे, लग्नाचे पाहुणे?
4. महिन्याचा हप्ता, पगार आणि बिल जाऊन काय उरणार?

सह्याद्रीतल्या माणसाला पहिला रकाना अवघड जाऊ नये. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कोकणाकडे शेवळं. थंडीत हुरडा. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, फणस. पण चौथा रकाना भरताना हात थांबतो. थांबू द्या. तो कागदावर थांबलेला परवडतो, कर्जावर सही झाल्यावर परवडत नाही.

त्या ताईंनी कागद भरून पाठवलाय. पाच महिन्यांचा तिसरा रकाना कोरा आहे. फेब्रुवारी, मार्च, जून, नोव्हेंबर, डिसेंबर. त्यांनी सही पुढे ढकलली आहे. या थंडीत घराच्या अंगणातच, शनिवार-रविवार, वीस माणसांचं जेवण लावून बघणार आहेत. मेनू? चार पदार्थ, आणि एक फळा.

कर्ज वाईट नसतं, मित्रांनो. पण ते पाच कोरे चौकोन घर तारण ठेवून भरता येत नाहीत. ते माणसं जोडून भरावे लागतात. शेतकरी, गावकरी, आचारी, एकेक करून.

तुमच्या कागदावर किती महिने कोरे राहिले, ते कमेंटमध्ये खरं खरं लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन कागद घेऊन आपण एकत्र भरून बघू.

भेटूया. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा.